लुटुपुटीची लढाई आणि राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहार

पुण्याजवळच्या औंध येथील लष्करी छावणींत २०१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत चिनी सैनिकांची एक तुकडी येऊन उतरली. १९६२ सालीं ज्या सैन्याशीं भारताला लढावें लागलें आणि ज्याच्याशीं हिमालयाच्या माथ्यावरील सीमारेषेचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं, त्याच सैन्याचे जवान भारतीय जवानांच्या खांद्यास खांदा लावून बारा दिवस कल्पित दहशतवाद्यांना घेरण्याचा सराव करीत होते. ह्या उपक्रमाचें नांव होतें 'हँड इन हँड', म्हणजे हातांत हात. त्याचा आरंभ २००७ सालीं चीनमधील कुनमिंग येथें झाला होता. दुसरी खेप २००८ सालीं, मराठा लाइट इन्फंट्रीचें केंद्र असलेल्या बेळगांवांत पार पडली होती; आणि २०१६ सालीं पुण्याची पाळी पुन्हा एकदां आली. त्यानंतर चार वर्षें पुरीं होण्याच्या आंत, २०२० च्या जून महिन्यांत, ह्याच दोन सैन्यांची गलवानच्या खोऱ्यांत झटापट होऊन वीस भारतीय जवान धारातीर्थीं पडले.

मग औंधच्या मैदानावर साधलें तें काय, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनांत उभा राहील. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर संयुक्त युद्धसराव ही गोष्ट मुळांत काय आहे, ती कशी घडवून आणतात आणि तिच्यांतून कोणाच्या पदरांत काय पडतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

परक्याला आपल्या सैन्याची कवाईत दाखविण्याची रीत नवी नव्हे. जर्मनीचा कैसर दुसरा विल्यम आपल्या सैन्याच्या वार्षिक सरावांना परदेशच्या पाहुण्यांना बोलावीत असे. विन्स्टन चर्चिल हे १९०६ सालीं आणि पुन्हा १९०९ सालीं असे पाहुणे म्हणून जर्मनींत जाऊन आले होते. ह्या आमंत्रणांत स्नेह किती आणि दरारा बसविण्याचा हेतु किती, हें सांगावयास नकोच. परंतु त्या काळीं पाहुणा टेकडीवर उभा राहून दुर्बिणींतून पाहत असे. आजच्या संयुक्त सरावांत तो स्वतः मैदानांत उतरतो, आणि एवढ्या एका फरकामुळें सगळा व्यवहारच पालटतो. जो नुसता पाहतो त्याला यजमान दाखवील तेवढेंच दिसतें. जो बरोबरीनें काम करतो त्याला यजमानाच्या संवयी कळतात, आणि यजमानाला त्याच्या.

असा सराव चार दिवसांत ठरत नाहीं. दोन्ही देशांचे अधिकारी कित्येक महिने आधीं भेटतात, नकाशे पसरतात, मसुदे करतात आणि पुन्हा भेटतात. जागा कोणती, माणसें किती, काडतुसें खरीं कीं पोकळ, दुभाषे कोणी आणावयाचे, एखादा सैनिक जखमी झाला तर त्याला कोणाच्या इस्पितळांत न्यावयाचें, आणि ह्या सगळ्याचा खर्च कोणाच्या खातीं घालावयाचा, ह्या सर्वांचा निकाल लागावा लागतो. मग एक कथा रचावयाची असते. ह्या कथेंतील शत्रूला नांवगांव देतांना फार जपावें लागतें, कारण शेजारच्या देशाला त्यांत आपला चेहरा दिसला कीं तक्रारीचा खलिता आलाच. म्हणून एखादें कल्पित बेट किंवा कल्पित राज्य निर्माण करतात; नाहीं तर दहशतवादी, चांचे, महापूर, भूकंप ह्यांच्यावरच शत्रुत्वाचा भार टाकतात. भूकंपाच्या बाजूनें भांडावयास कोणी येत नाहीं.

कांहीं सराव नुसते नकाशावर आणि तंबूंत चालतात. तेथें सैनिक हलत नाहींत, केवळ हुकूम हलतात. आणि कोणता हुकूम कोठें अडकला, हें पाहणें हाच त्यांचा हेतु असतो. दुसरा प्रकार प्रत्यक्ष मैदानांतला. त्यांत दोन देशांच्या टोळ्या एकमेकींत मिसळून एकाच्या हाताखालीं दुसऱ्यानें काम करावयाचें असतें. संध्याकाळीं व्हॉलीबॉलचा सामना होतो, एकमेकांच्या भटारखान्यांतील पदार्थ चाखले जातात, छायाचित्रें निघतात. वर्तमानपत्रांत बहुधा हीं छायाचित्रेंच येतात, आणि त्यामुळें पुष्कळांचा असा समज होतो कीं हा सगळा स्नेहसंमेलनाचा थाट आहे. तो समज खरा नव्हे. सैन्यांच्या अडचणी पुष्कळदां शौर्याच्या नसतात. नळीचें तोंड दुसऱ्याच्या टांकीला बसत नाहीं, ह्या जातीच्या असतात. भर समुद्रांत एका जहाजानें दुसऱ्या देशाच्या तेलवाहू जहाजाकडून इंधन घेणें हेंच काम घ्यावें. दोन प्रचंड जहाजें एकमेकांपासून थोड्याशा मीटरांवर, एकाच दिशेनें आणि एकाच वेगानें बराच वेळ चालावीं लागतात. आधीं एक बारीक दोरी फेंकतात, तिच्यामागून जाड दोर, आणि त्यावरून तेलाची नळी. सुकाणूवरच्या माणसाचें लक्ष क्षणभर चुकलें तर जहाजावर जहाज आदळावयाचें. ज्यांनीं हें काम पूर्वीं एकत्र केलेलें नाहीं त्यांना तें युद्धाच्या रात्रीं प्रथमच करतां येईल, अशी आशा कोणताही शहाणा नाविक बाळगीत नाहीं.

नळी जुळली तरी तेलाच्या पैशांचा हिशोब उरतोच. भारत व अमेरिका ह्यांच्यांत २०१६ च्या ऑगस्टमध्यें ह्यासाठीं एक स्वतंत्र करार झाला. एकमेकांच्या तळांवर इंधन, अन्न, दुरुस्ती हीं कशीं मिळावींत आणि त्यांचे पैसे कसे चुकते व्हावेत, हें त्यांत ठरलें. त्या वेळीं आपल्या देशांत त्यावर बराच वाद झाला. अमेरिकेला तळ दिले, अशी हाकाटीही झाली. वस्तुतः करार वाण्याच्या वहीसारखा आहे. परंतु दोन सैन्यांची एक सामायिक वही उघडते तेव्हां त्यांतील जमाखर्चापेक्षां ती उघडली ही गोष्टच बाहेरच्यांच्या डोळ्यांत भरते, हें टीकाकारांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें.

ह्या ओळखीचा उपयोग युद्धावांचूनही होतो. २००४ सालच्या डिसेंबरच्या २६ तारखेस हिंदी महासागरांत त्सुनामीच्या लाटा उसळल्या. स्वतःचा किनारा उद्ध्वस्त झालेला असतांही भारतानें श्रीलंका, मालदीव व इंडोनेशिया ह्या देशांकडे मदतीचीं जहाजें धाडलीं. आणि भारत, अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया ह्या चार देशांचा एक गट मदतीची वांटणी करण्यासाठीं थोड्याच दिवसांत उभा राहिला. पुढें 'क्वाड' म्हणून जें नांव सर्वतोमुखीं झालें त्याची पहिली जुळणी त्या आपत्तींत झाली.

सरावांचीं नांवें हाही एक मनोरंजक भाग आहे. मलबार हें नांव अमेरिकेबरोबरच्या आरमारी सरावाला, तर आपल्या कोंकणचें नांव ब्रिटनबरोबर २००४ पासून होणाऱ्या सरावाला मिळालें. फ्रान्सबरोबरचा आरमारी सराव 'वरुण', हवाई दलाचा 'गरुड'. रशियाबरोबरच्या सरावाला 'इंद्र' म्हणतात. तेथें देवांचा राजा आणि इंडिया व रशिया ह्या दोन नांवांचीं आद्याक्षरें हीं दोन्ही एकाच शब्दांत साधलीं आहेत. मालदीवबरोबरच्या सरावाचें नांव 'एकुवेरिन', म्हणजे त्यांच्या दिवेही भाषेंत मित्र. त्याचाही आरंभ २००९ सालीं बेळगांवांतच झाला.

आतां ह्या सरावांचें राजकारण. तें मलबारच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसेल. सोव्हिएट संघ मोडल्यानंतर लगेच, १९९२ सालीं, भारत व अमेरिका ह्यांच्या आरमारांनीं हा सराव सुरू केला. १९९८ च्या मे महिन्यांत भारतानें पोखरण येथें अणुस्फोट केले आणि अमेरिकेनें सराव थांबविला. चार वर्षें तो बंद राहिला. ह्या चार वर्षांत दोन्ही देशांचे दूतावास चालू होते, व्यापार चालू होता, बोलणींही चालू होतीं. परंतु जहाजें एकत्र फिरत नव्हतीं, आणि रुष्टता किती आहे तें जगाला त्यावरून कळत होतें. २००२ सालीं सराव पुन्हा सुरू झाला तेव्हां रुसवा संपल्याची वार्ता वेगळी द्यावी लागली नाहीं.

२००७ च्या सप्टेंबरांत बंगालच्या उपसागरांत जो मलबार सराव झाला, त्यांत जपान, ऑस्ट्रेलिया व सिंगापूर हे देशही उतरले. पंचवीसांहून अधिक जहाजें होतीं. अमेरिकेचीं 'किटी हॉक' व 'निमिट्झ' आणि भारताचें 'विराट' अशीं तीन विमानवाहू जहाजें त्यांत होतीं. चीनची नाराजी त्याआधींच प्रकट झाली होती. ह्या चार लोकशाही राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनीं त्याच वर्षीं मनिला येथें बैठक घेतली, तेव्हां चीननें चौघांकडेही त्याबद्दल विचारणा केली होती. इकडे डाव्या पक्षांनीं कलकत्ता व मद्रास येथून विशाखापट्टणपर्यंत निषेधाच्या यात्रा काढल्या. समुद्रावर एक गोळाही खऱ्या शत्रूवर सुटला नव्हता, तरी राजधान्यांतून एवढी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षीं ऑस्ट्रेलियानें आपण ह्या चौकडीच्या बैठकींत पुन्हा बसणार नाहीं असें जाहीर केलें, आणि भारतानेंही कित्येक वर्षें हात आंखडता घेतला. जपान मात्र अधूनमधून येत राहिला व २०१५ पासून कायमचा भिडू झाला. ऑस्ट्रेलियाला पुन्हा बोलावण्यास २०२० साल उजाडावें लागलें. जूनमध्यें गलवान घडलें. ऑक्टोबरांत आमंत्रणाची घोषणा झाली. नोव्हेंबरांत चौघांचीं जहाजें आधीं बंगालच्या उपसागरांत आणि मग अरबी समुद्रांत एकत्र फिरलीं. तेरा वर्षें जो प्रश्न भिजत पडला होता तो पांच महिन्यांत सुटला, आणि कशामुळें सुटला हें बीजिंगला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सरावाला येणें हा जसा संदेश, तसाच न येणें हाही. २०१८ च्या सप्टेंबरांत औंध येथेंच बिमस्टेक संघांतील राष्ट्रांच्या सैन्यांचा पहिला सराव ठरला होता. नेपाळनें अगदीं आयत्या वेळीं आपली तुकडी पाठविण्याचें रद्द केलें, केवळ निरीक्षक पाठविले. आणि त्याच महिन्यांत नेपाळी सैनिक चीनबरोबरच्या सरावासाठीं चेंगडू येथें गेले. दिल्लीला ही गोष्ट झोंबली. नेपाळची बाजू अशी कीं दोन प्रचंड शेजाऱ्यांच्या मधें राहणाऱ्याला दोघांच्याही पंक्तीला किती वेळां बसावें ह्याचा हिशोब ठेवावाच लागतो. ती बाजूही समजून घेण्यासारखी आहे. मात्र पान वाढल्यावर उठून जाणें शेजारधर्माला शोभलें नाहीं.

कोरियांत तर सराव हें सौद्याचें नाणेंच झालेलें आहे. अमेरिका व दक्षिण कोरिया ह्यांचा 'टीम स्पिरिट' हा मोठा सराव १९७६ पासून चाले. उत्तर कोरियानें अणुशक्तीच्या तपासणीस मान्यता द्यावी म्हणून १९९२ सालीं तो रद्द केला गेला. १९९३ च्या मार्चमध्यें तो पुन्हा सुरू होतांच उत्तर कोरियानें अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारांतून बाहेर पडण्याची घोषणा केली. २०१८ च्या जूनमध्यें सिंगापूरच्या भेटीनंतर अध्यक्ष ट्रंप ह्यांनीं मोठे सराव थांबविण्याचें जाहीर केलें, तेव्हां तेंच जुनें नाणें पुन्हा पटावर आलें.

येथपर्यंत मैत्रीचा विचार झाला. आतां भीतीचा केला पाहिजे, कारण सराव आणि चढाईची तयारी ह्या दोन गोष्टी दुरून अगदीं सारख्या दिसतात. रणगाडे तेच, दारूगोळा तोच, रेल्वेच्या वाघिणी त्याच. १९८३ च्या नोव्हेंबरांत नाटो राष्ट्रांनीं अण्वस्त्रें सोडण्याच्या हुकुमांचा एक कागदी सराव केला. त्याचें नांव 'एबल आर्चर'. तो खराच हल्ल्याचा बहाणा असावा अशा शंकेनें सोव्हिएट बाजूनें पूर्व जर्मनी व पोलंड येथील कांहीं विमानें सज्ज करून ठेवलीं. अमेरिकेच्या स्वतःच्या गुप्त अहवालानें पुढें ह्या प्रसंगाचें गांभीर्य मान्य केलें. आपल्याकडे १९८६-८७ च्या हिंवाळ्यांत जनरल सुंदरजी ह्यांच्या कारकीर्दींत राजस्थानांत 'ब्रासटॅक्स' नांवाचा अवाढव्य सराव झाला. पाकिस्ताननें आपलें सैन्य सीमेकडे सरकविलें, भारतानें उलट हालचाल केली, आणि जानेवारींत दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. फेब्रुवारींत बोलणीं होऊन सैन्यें मागें घेण्याचें ठरलें, आणि जनरल झिया जयपूरला क्रिकेटचा कसोटी सामना पाहण्यास येऊन बसले. सामन्यापेक्षां त्या खुर्चीकडेच सगळ्यांचें लक्ष होतें.

ह्या धास्तींतूनच पूर्वसूचनेचे करार जन्मास आले. युरोपांत १९७५ च्या हेलसिंकी करारानें पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांच्या सरावाची खबर २१ दिवस आधीं देण्याचें ठरलें. १९८६ सालीं स्टॉकहोम येथें ती मर्यादा तेरा हजारांवर आणि मुदत ४२ दिवसांवर आली. सतरा हजारांचा सराव असेल तर परपक्षाच्या निरीक्षकांना बोलावलेंच पाहिजे असें बंधन पडलें. त्याप्रमाणें १९८७ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकन तपासणीस मिन्स्कजवळ सोव्हिएट सैन्याचा सराव पाहून आले. कैसरच्या टेकडीवरचा पाहुणा मर्जीचा होता. हा हक्कानें आला. भारत व पाकिस्तान ह्यांनींही १९९१ च्या एप्रिलमध्यें असाच करार केला. सरावांतील मुख्य सैन्याचा रोख परपक्षाच्या दिशेस नसावा, हें त्यांतील कलम मोठें मार्मिक आहे. भारत व चीन ह्यांच्या १९९६ च्या करारांतही हेंच तत्त्व आलें: सुमारें पंधरा हजारांहून अधिक सैनिकांचा सराव नियंत्रणरेषेजवळ टाळावा, आणि पांच हजारांहून अधिकांचा असेल तर आधीं कळवावें.

परंतु कागद पाळणाऱ्याच्या दानतीवर चालतो. २०२२ च्या फेब्रुवारींत रशिया व बेलारूस ह्यांचा संयुक्त सराव दहा ते वीस तारखांपर्यंत होईल व सैन्य परत जाईल असें जाहीर झालें होतें. वीस तारीख उलटली, सैन्य गेलें नाहीं. आणि चोवीस तारखेस त्याच भूमीवरून कीव्हच्या दिशेनें चढाई सुरू झाली. संयुक्त सरावांवरील विश्वासाला ह्या घटनेनें जेवढा धक्का दिला तेवढा दुसऱ्या कोणत्याही घटनेनें दिला नसेल. ह्यापुढें सीमेजवळ पडलेल्या कोणत्याही तंबूकडे शेजारी दोनदां पाहील.

आतां औंधच्या त्या चिनी तुकडीकडे वळावयास हरकत नाहीं. 'हँड इन हँड' मध्यें प्रत्येक देशाचे साधारणपणें शेंसव्वाशें जवान असत. विषय दहशतवादाचा; सीमेचा शब्द नाहीं, आरमाराचा नाहीं, तोफखान्याचा नाहीं. मुद्दाम असा विषय निवडलेला कीं ज्यावर मतभेदच नसावा. आणि मतभेद डोकें वर काढी तेव्हां बंद पडे तो सरावच. २०१० सालीं उत्तर विभागाच्या भारतीय सेनाधिकाऱ्याला चीननें व्हिसा नाकारला; लष्करी भेटीगांठी थांबल्या, आणि २०१३ पर्यंत सराव झाला नाहीं. २०१७ सालीं डोकलामचा पेंच पडला. त्या वर्षीं झाला नाहीं. २०१८ सालीं चेंगडूला आणि २०१९ सालीं मेघालयांत उमरोई येथें झाला; पुढें गलवानमुळें तो क्रम तुटला. म्हणजे सरावानें संबंध बिघडण्याचें थांबविलें असें एकदांही दिसत नाहीं. संबंध बिघडल्यामुळें सराव थांबला असें प्रत्येक वेळीं दिसतें. ज्वर किती आहे हें थर्मामीटर सांगतें. तेंच औषध म्हणून पाजावयाचें नसतें. ही चूक आपल्या वर्तमानपत्रांनीं त्या छायाचित्रांच्या भरांत वारंवार केली.

तरीही तो सगळा उद्योग व्यर्थ गेला, असें म्हणणें घाईचें होईल. २०१६ सालीं पूर्व लडाखांत चुशूल-मोल्डो येथें दोन्ही सैन्यांनीं मिळून एक छोटा सराव केला होता. सीमेवरच्या एका भारतीय गांवाला भूकंपाचा धक्का बसला आहे, अशी त्याची कथा होती. २०२० सालीं खरा धक्का बसला तो वेगळ्याच प्रकारचा. पण त्यानंतर दोन्हीकडचे सेनापति माघारीची बोलणीं करण्यास ज्या जागीं वारंवार बसले, ती हीच चुशूल-मोल्डोची जागा. भेटीची वाट, निरोप पोंचविण्याची रीत, समोरच्या अधिकाऱ्याशीं कसें बोलावें ह्याची माहिती, ह्या गोष्टी पूर्वींच्या भेटींतून तयार झालेल्या होत्या. रक्त सांडल्यावर त्या नव्यानें निर्माण करणें फार कठीण गेलें असतें.

२०२२ च्या नोव्हेंबरांत उत्तराखंडांत औली येथें, नियंत्रणरेषेपासून सुमारें शंभर किलोमीटरांवर, भारतीय व अमेरिकन सैनिकांचा 'युद्ध अभ्यास' झाला. चीननें १९९३ व १९९६ च्या करारांचा हवाला देऊन हरकत घेतली. त्या करारांचा ह्या सरावाशीं कांहीं संबंध नाहीं, करार कोणी मोडले ह्याचा चीननेंच विचार करावा, आणि कोणाबरोबर सराव करावा ह्याबाबत तिसऱ्या देशाला नकाराधिकार दिलेला नाहीं, असें उत्तर दिल्लीनें दिलें. पुढें देपसांग व देमचोक येथील गस्तीबद्दल दोन्ही देशांचा समझोता झाला तो २०२४ च्या ऑक्टोबरांत, सेनाधिकारी व मुत्सद्दी ह्यांच्या चार वर्षांच्या बैठकांनंतर. त्याच महिन्यांत, समझोत्याची घोषणा होण्याच्या थोडे दिवस आधीं, विशाखापट्टणच्या समुद्रांत भारत, अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया ह्यांच्या जहाजांचा मलबार सराव चालू होता.